सुरत ते डब्लिन, नऊ तास पन्नास मिनिटं

रतननानांना कुठल्याही गावाचं अंतर विचारलं तर ते किलोमीटर सांगत नसत. तास सांगत, आणि तेही दोन तऱ्हेचे. "नंदुरबार? बसून गेलात तर साडेतीन तास. उभ्यानं गेलात तर सहा." गाडी तीच, रूळ तेच, मग अडीच तास वाढले कुठून, असं मी एकदा विचारलं. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एक डाव उभ्यानं जाय, मंग माले सांग."

सुरतेजवळच्या उधन्याच्या रेल्वे यार्डात त्यांनी तीस वर्षं रुळांचे सांधे बदलण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर सुरतेच्याच डिंडोलीत आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायला आले. अंगानं काटकुळे. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मनगटावर घड्याळ, पण तबकडी आतल्या बाजूला. कंदील धरलेल्या हातानं वेळ बघायची सवय यार्डातून आली होती. ते गेले त्याला आता चार महिने झाले. वस्तीतली माणसं त्यांच्याबद्दल जे चांगलं बोलली ते सगळं खरं आहे. पण फक्त तेवढंच सांगणं हा खोटेपणा होईल, म्हणून मी हे लिहिते आहे.

वस्तीत नानांचं एक काम होतं. ते त्यांना कोणी दिलं नव्हतं. कुणाच्या घरी मयत झाली की पहिला निरोप त्यांच्याकडे जाई : किती वाजता उचलायचं? सुरतेबाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण आमच्याकडे मेलेलं माणूस डिंडोलीत असतं आणि त्याचे सख्खे नंदुरबार, शहादा, साक्री, अमळनेर असे विखुरलेले असतात. आणि इथले शेजारी लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर असतात. बारा तासांची पाळी. पाळी बुडली तर दुसऱ्या दिवशी तुमच्या मशीनवर दुसराच माणूस उभा दिसतो. त्यामुळे अंत्ययात्रेची वेळ चुकणं म्हणजे कुणाला शेवटचं तोंड न दिसणं आणि कुणाचं काम जाणं. ही दोन्ही टोकं नाना सांभाळत. ओट्यावर टेकून ते एकच प्रश्न विचारत, "सगळ्यात लांब कोण?" मग त्या सगळ्यात लांबच्या माणसाला स्वतः फोन लावत. तू कुठल्या स्टेशनावर आहेस, कुठली गाडी, उधन्याला उतरशील की सुरतेला, उतरल्यावर रिक्षा कोण करेल. सगळं विचारून झालं की मनगट उलटं करून घड्याळ बघत आणि वेळ सांगत. एकदा सांगितली की वस्ती त्याप्रमाणे हलायची. मी लहानपणापासून पाहत आले, ती वेळ दहा मिनिटांनीही चुकली नाही.

माझं आणि त्यांचं जमायचं, कारण आम्ही सतत भांडायचो. माझे वडील लूम कामगारांच्या मागण्यांची पत्रकं काढायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, मी अक्षरं शिकले तीही त्यांच्यावरूनच. नाना मला "पत्रकवाली" म्हणत. मी लिहिलेलं नवं पत्रक हातात पडलं की चष्मा लावून शेवटपर्यंत वाचत आणि एखादा शब्द पकडत.

"'तात्काळ' तीनदा लिहिलंस."

"मग? मागणी तात्काळच आहे."

"तात्काळ म्हणजे कितला तास? मालक विचारेल तर काय सांगशील?"

मी चिडायचे. पण पुढच्या पत्रकात "तात्काळ"च्या जागी "पंधरा दिवसांत" असं लिहायचे, हेही खरं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे दगडूबाबांच्या मयतीचं. दगडूबाबा जुने लूम कामगार, छातीत कापसाची धूळ भरून गेलेले. त्यांचा मुलगा संजय मस्कतला बांधकामावर होता. मस्कत ते मुंबई विमान अडीच-तीन तासांचं, म्हणजे आमच्या नंदुरबारपेक्षा जवळ. पण संजयचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या साहेबाकडे तो सुट्टीवर. नानांनी त्या दिवशी वेळच दिली नाही. पाहुणे विचारायला लागले, लूमवाले विचारायला लागले, नाना एकच सांगत, "पोरगा विमानात बसल्याचा फोन येऊ दे. मग वेळ." बर्फाच्या लाद्या आल्या, त्या वितळल्या, दुसऱ्या आल्या. संजय तिसऱ्या दिवशी सकाळी आला. आला तो थेट बापाच्या पायांवर पडला. वस्तीतली बायामाणसं रडली, आणि नाना भिंतीला तोंड करून उभे राहिले. त्यानंतर पुष्कळ दिवस लोक म्हणत, नाना होते म्हणून पोराला बाप दिसला. मीही म्हणत होते.

मग कमलमावशी गेल्या.

कमलमावशी आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नवरा लवकर वारलेला. साड्यांचे सुटे धागे कापून आणि काठाला टिकल्या चिकटवून त्यांनी एकुलत्या मुलीला, वैशालीला, नर्स केलं. घरात गेलं की साडीच्या ढिगातून वाट काढत जायला लागायचं आणि त्या ढिगाच्या मधोमध वैशाली अभ्यास करत बसलेली असायची. आधी सुरतेच्याच एका दवाखान्यात होती, मग परीक्षा देऊन आयर्लंडला, डब्लिनला गेली. मावशींना त्या गावाचं नाव नीट घेता येत नव्हतं, पण तिथे आत्ता किती वाजले असतील हे त्यांना कायम माहीत असायचं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी सहा वाजता मावशी पाणी भरताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. सात वाजता वैशालीला फोन गेला. तिच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता आणि ती ड्युटीवर होती. ती एवढंच म्हणाली, "मी निघते."

नाना आले, ओट्यावर टेकले. सगळ्यात लांब कोण ते विचारावंच लागलं नाही. पण डब्लिन त्यांच्या डोक्यातल्या नकाशात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पत्रकवाली, तुझ्या फोनात बघ. कितला तास?"

मी टाकलं. क्षणात उत्तर आलं. अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर. विमानप्रवासाचा वेळ नऊ तास पन्नास मिनिटं. मी मोठ्यानं वाचलं.

आता मला माहीत आहे की तो आकडा कुठल्याच विमानाचा नव्हता. सुरतेहून डब्लिनला थेट विमान जातच नाही. कुठल्या तरी यंत्रानं नकाशावर सरळ रेघ ओढली, तिला विमानाच्या वेगानं भागलं, वर अर्धा तास टाकला आणि माझ्यापुढे ठेवलं. त्या रेघेत तिकीट नव्हतं, अबुधाबी नव्हतं, मुंबई नव्हती, मुंबईहून सुरतेची गाडी नव्हती. पण सात वाजता, रडारडीत, पन्नास मिनिटांपर्यंत नेमका असलेला आकडा खरा वाटतो. नानांनी मनगट उलटं केलं. सातात दहा मिळवले, वर घरी पोचायला एक तास धरला.

"सहा वाजता उचलायचं," ते म्हणाले. निरोप निघाले.

दुपारी बाराला वैशालीचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. मागून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. ती म्हणाली, तिकीट मिळालंय. इथून अबुधाबी, तिथून मुंबई. पहाटे मुंबईत उतरेन आणि सकाळच्या गाडीनं सुरतेला येईन. उद्या दहा-अकरापर्यंत.



"नाना आहेत का तिथे?" तिनं विचारलं. "नाना, मी निघालेय. आईला ठेवा."

नाना फोनकडे झुकले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. सगळेच पाहत होते. ते म्हणाले, "ये माय. सावकाश ये."

फोन बंद झाला. आणि नंदुरबारहून आलेले मावशींचे दीर, साहेबरावकाका, खाकरले. "नाना, ती उद्या येईल. आज पन्नास माणूस आलंय. संध्याकाळची गाडी आहे आमची."

"बर्फ आणू," मी म्हणाले.

"बर्फ आणून काय? लेक आहे ती. अग्नी मलाच द्यायचाय. ती आली काय, न आली काय, काम थोडंच अडतंय?"

मी बोलायला लागले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. ज्यांना आमची पत्रकं मिळतात त्यांना ते पाठ आहे. स्त्री-पुरुष समतेचं पत्रक आमच्या वस्तीत दर वर्षी घरोघर जातं. त्याच्या घड्या मी घालते. कमलमावशींकडे येणाऱ्या साहेबरावकाकांच्याही हाती ते कधीतरी पडलं असणार. मी शेवटी नानांकडे वळले. "मस्कतच्या वेळी तुम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवलंत. मग आज का नाही?"

नानांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "तेव्हा मी वेळ सांगितली नव्हती, पोरी. आज सांगितलीय. पाळी सोडून माणसं आलीत."

"चुकीची सांगितलीत. माझ्या फोनमुळे चुकली. बदला."

"सांगितलेली वेळ बदलली, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल?"

खोलीतल्या म्हाताऱ्या बायका खाली बघत होत्या. त्यातल्या एकीनं, माझ्याच आजीच्या वयाच्या, माझा हात ओढला आणि हळूच म्हणाली, "बस गं. आपल्यासाठी कोण थांबतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचा मला आजही जास्त राग येतो.

वैशालीला पुन्हा फोन लावायचा प्रयत्न मी केला. ती विमानात बसली होती. सहा वाजता वंदना झाली, पंचशील म्हटलं गेलं आणि मावशींना नेलं. वेळ दहा मिनिटांनीही चुकली नाही.

नात्यातल्या कुणीतरी तेवढ्यात फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, फुलांच्या आणि हात जोडल्याच्या चिन्हांसह. वैशालीनं अबुधाबीला उतरून फोन चालू केला आणि ते पाहिले. पुढची दोन अंतरं, मुंबईपर्यंतचं आणि सुरतेपर्यंतचं, तिनं काय म्हणून कापली असतील, याचा विचार मी करू शकत नाही.

सकाळी स्टेशनावर नाना माझ्याबरोबर आले. मी नको म्हटलं होतं. वैशाली गाडीतून उतरली, हातात एकच पिशवी, अंगावर तिकडच्या थंडीचं जाड जाकीट. नाना पुढे झाले. तिनं विचारलं, "किती वाजता उचललं?"

"सहा."

"तेव्हा मी आभाळात होते." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "नाना, तुम्ही मला सावकाश ये म्हणालात."

रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.  ती सात दिवस राहिली. आईच्या अर्धवट राहिलेल्या साड्यांचे धागे तिनं स्वतः कापून पूर्ण केले, मालकाकडे पोचवले आणि परत गेली. नानांच्या घरावरून रोज जायची, पण मान वळली नाही.

त्यानंतर वर्षभर मी माझ्या फोनला शिव्या देत होते. जो विचारेल त्याला ती सरळ रेघ समजावून सांगायचे. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, कारण मग दोष यंत्राचा ठरायचा. एक दिवस मी हेच कुणाला तरी सांगत असताना नाना मागे उभे होते. ते म्हणाले, "बाराला फोन आला ना? बारा ते सहा, सहा तास होते. त्या सहा तासांत तुझ्या फोनाची काय चूक? मनी चूक शे, माझी."

मला वाटतं, एवढं सरळ वाक्य आमच्या एकाही पत्रकात आलेलं नाही.

मयतीची वेळ सांगणं त्यांनी बंद केलं होतं. कुणी विचारायला आलं की म्हणत, "जे लांब आहे त्याला विचारा. मी कोण?" लोकांना वाटलं, म्हातारपण आलं. आलंच होतं. साखर वाढली होती, पाय सुजायचे. एका दुपारी त्यांनी मला बोलावून वैशालीला पत्र लिहायला सांगितलं. फोनवरूनच, पण ते पत्र म्हणाले. मी सुरुवात केली : परंपरेच्या दडपणाखाली आपण सर्वांनीच... नानांनी हात वर केला.

"पत्रक नको. लिही : मी तुझ्यासाठी थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. वर तुला खोटं सांगितलं."

"पुढे?"

"पुढे काय? तिला माफ कर म्हणायचं नाही. ते तिच्यावर ओझं."

मी पाठवलं. उत्तराला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ते रोज येऊन विचारत नसत, नुसते आमच्या दारावरून दोनदा जात. बाराव्या दिवशी मी त्यांना वाचून दाखवलं. एकच शब्द होता : "वाचलं."

"आणखी काही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि घरी गेले.

माझ्या लेखी नानांची खरी ओळख यानंतरच्या एका दिवसाची आहे. जवळच्या भेस्तानला कापड रंगवायच्या डाईंगमधले एक गृहस्थ वारले, नानांच्या यार्डातल्या मित्राचे भाऊ. नाना भेटायला गेले, पाय दुखत होते म्हणून मी सोबत. घरात दोन मुलं, आणि एक मुलगी आसामात निमलष्करी दलात शिपाई. मुलगे दुपारी तीनला उचलायचं म्हणत होते. बहिणीला कळवलंय, पण तिला रजा कधी मिळणार, ती कधी येणार. नानांनी तिचा नंबर मागून घेतला.

"विमानाचे तास नको सांगू माय," ते फोनवर म्हणाले. "दारापासून दारापर्यंत सांग."

उद्या संध्याकाळी सात, ती म्हणाली.

"तू ये. तू येईपर्यंत मी इथनं हलत नाही," नाना म्हणाले. फोन ठेवला, अंगणातलं एक पालथं क्रेट ओढलं आणि बरोबर दाराच्या चौकटीत ठेवून त्यावर बसले. चौकट अरुंद होती. त्यांना ओलांडल्याशिवाय तिरडी बाहेर येणं शक्य नव्हतं.

मग जे व्हायचं ते झालं. "ओ काका, तुमचं काय आहे यात?" थोरला म्हणाला. "माझं काही नाही. तिचं आहे." धाकटा गुजरातीत काहीतरी घाण बोलला. कुणी म्हणालं म्हातारा वेडा आहे, कुणी म्हणालं उचलून बाजूला ठेवा. नानांचा मित्र हात जोडून विनवायला लागला. नानांनी चौकटीचे दोन्ही खांब धरून ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. "बर्फ कुठे मिळतो बघ. तात्काळ."

मी गेले. जाताना वाटत होतं, परत येईपर्यंत यांना हाकललेलं असेल. परत आले तेव्हा ते तिथेच होते, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मुलग्यांची आई, जी सकाळपासून एक शब्दही बोलली नव्हती, ती आतून उठून आली, नानांच्या पाठीमागे जमिनीवर बसली आणि मुलांना म्हणाली, "लाद्या आत घ्या." मुलांनी लाद्या आत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सातला वीस मिनिटं कमी असताना रिक्षा थांबली. मुलगी उतरली. पाठीवर मोठी सॅक, पायात बूट, रात्रंदिवसाचा प्रवास चेहऱ्यावर. गर्दीनं तिला वाट दिली. ती धावतच दारापर्यंत आली आणि तिथे एक अनोळखी म्हातारा चौकट अडवून बसलेला.

"बाबा, हटो ना!" ती ओरडली. "रास्ते में क्यों बैठे हो?"

नानांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. पहिल्या खेपेला गुडघे उठले नाहीत. मी धरायला पुढे झाले तर त्यांनी मान हलवली.

"उठस माय," ते म्हणाले, "उठस."